इंग्लिशमध्ये "कमी पडलं" कसं सांगायचं

कमी पडलं की आपण सरळ लेस म्हणून मोकळे होतो, पण तिथे शॉर्ट लागतो. दादरला भाजी घेतली, शंभर झाले आणि खिशात नव्वदच, तर म्हणा आय ॲम टेन रुपीज शॉर्ट, म्हणजे आधी कमी पडलेला आकडा, मग शॉर्ट. कशाला कमी पडलं तेही सांगायचंय तर पुढे ऑफ लावा. 2011 ला वानखेडेवर सचिन 94 वर आउट झाला, ही फेल सिक्स रन्स शॉर्ट ऑफ अ हंड्रेड, काय नेमकं वाक्य आहे! (हा फॉलचा फेल, नापासवाला नाही.) शॉर्टऐवजी शाय पण चालतं. आकडा नसेल, नुसतं अपेक्षेला उतरलं नाही, तरी फेल शॉर्टच.