जाळी, फिनेल आणि केळं: परड्यातल्या या चुका टाळा

आधी नायलॉनच्या जाळीचं बोलू, कारण दर पावसाळ्यात वाडीत कुणाकडे ना कुणाकडे तिच्यापायी सर्पमित्राला बोलवावं लागतं. नवखा माणूस घरामागच्या परड्यात लाल माठ पेरतो. दुसऱ्या दिवशी कोंबड्या वाफा उकरतात. तिसऱ्या दिवशी बाजारातून स्वस्तातली जाळी येते आणि वाफ्यावर नुसती टाकली जाते, कडा मातीत लोळत. साप भोकात डोकं घालतो, पोटाशी अडकतो आणि मागे सरकायला गेला की दोरा खवल्यांखाली रुततो.

मला हे कसं कळलं? मीच केलं होतं. एका सकाळी काळू वेड्यासारखा भुंकायला लागला म्हणून मागे गेलो, तर पुरुषभर लांब धामण जाळीत गुरफटलेली. शेजारचे काका फावडं घेऊन हजर. "नाग आहे, बाजूला हो!" चिडलेली धामण मान फुगवते, त्यामुळे ती भल्याभल्यांना नाग वाटते. धामणीला विष नसतं. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हीही थाप. ती पिते काही नाही, उंदीर खाते. हे सगळं काकांना समजावत होतो तेवढ्यात काळूनं झेप घेतली आणि नाकावर चावा खाऊन आला. त्याला आधी बांधायला हवं होतं. धामणीच्या जागी नाग असता तर?

मग काळूला पडवीत कोंडला, धामणीवर ओलं गोणपाट टाकलं आणि वाट बघत बसलो. सर्पमित्रानं तासाभरानं येऊन बारीक कात्रीनं एकेक धागा कापला. तेव्हापासून माझ्या परड्यात जाळी नाही. बांबूच्या कामट्यांची कमरेइतकी वई, म्हणजे कुंपण, घालतो. दोन दिवस जातात. ज्यांना दोन दिवस नाहीत त्यांनी माठ बाजारातून आणावा.

दुसरी आवडती चूक म्हणजे घराभोवती फिनेल नाहीतर कार्बोलिक ॲसिड शिंपडणं. साप त्यानं अडत नाही. मांजर मात्र त्यातून चालतं, पंजे चाटतं आणि आजारी पडतं, कारण ही द्रव्यं मांजराच्या शरीराला पचत नाहीत. साप येतो उंदरांच्या मागे आणि उंदीर येतात कुत्र्याच्या उरलेल्या भाताला. मी दिवेलागणीला ताटली उचलून धुतो. औषध तेवढंच.

उंदरांना विष घालू नका. तो अर्धमेला उंदीर घुबड किंवा तुमचंच मांजर खातं.

माकडाला केळं देऊ नका. एकदा दिलंत की पुढच्या वेळी टोळी येते, आणि ती मागत नाही, घेते.

नारळाच्या सोडणांच्या ढिगात हात घालू नका. खाली फुरसं किंवा विंचू असतो. फुरसं जेमतेम हातभर, पण विषारी. आधी काठीनं हलवा, पायात बूट घाला. साप चावलाच तर आवळपट्टी नको, चिरणं नको, मांत्रिक नको. माणसासाठी १०८, कुत्र्यासाठी थेट जनावरांचा डॉक्टर.

आणि बिबट्याचा वावर असेल तर कुत्र्याला रात्री खळ्यात साखळीला बांधू नका. राखणीला म्हणून बांधता, पण त्याला पळताही येत नाही. पडवीत घ्या, दार लावा.