दोन मीटर दोरी आणि किनाऱ्यापर्यंत पुरेल एवढा जुगाड

विंडसर्फिंग शिकणाऱ्याला "पाण्यात काही तुटलं तर?" हा प्रश्न पडतो तो बऱ्याच उशिरा. आधी तोल, मग वळणं, मग हार्नेस, म्हणजे शिडाची ओढ कमरेवर घेणारा हुकाचा पट्टा. या गडबडीत सामानाकडे बघायला सवड कुणाला असते? आणि नेमकं त्याच सुमारास, माणूस किनाऱ्यापासून जरा लांब जायला लागला की, भाड्याचं किंवा जुनं विकत घेतलेलं सामान दगा देतं. मी बरीच वर्षं हा खेळ खेळतोय आणि नवख्यांना शिकवतोय. त्यातून जे पदरात पडलं ते इथे मांडतो.

आधी एक अपेक्षा कमी करून टाकतो. पाण्यावरची दुरुस्ती परत येण्यापुरतीच असते. बांधाबांध जमली, शीड उभं राहिलं, की "एक फेरी मारून बघू का" असं वाटतं. तेवढा मोह आवरायचा. मी स्वतःपुरता नियम ठेवलाय: फार तर दोनदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर हाताने वल्हवत निघायचं. तुम्ही गाठी मारत बसता तेव्हा वारा थांबलेला नसतो, तो तुम्हाला घेऊन चाललेला असतो. कुठे नेतोय, हे पाण्यात उतरण्याआधी बघून ठेवायचं. खारे वारे निदान किनाऱ्याला आणून सोडतात. मतलई वारे आत समुद्रात नेतात. मतलई वाऱ्यात नवख्याने लांब जाऊच नये. गेलाच आणि काही तुटलं, तर आधी मदत मागावी आणि मग दोरीला हात घालावा.

आता मास्ट (शिडाची डोलकाठी) आणि बोर्ड जोडणारा मुख्य सांधा. १९६८ साली हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी विंडसर्फिंगच्या ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० मध्ये ते मिळवलं, तिचा सगळा जीव या सांध्यात आहे. मास्ट बोर्डवर ताठ रोवलेला नसतो, तो सगळ्या दिशांना झुकतो, आणि त्या झुकण्यानेच बोर्ड वळतो. वेगळं सुकाणू नाहीच. म्हणून हा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला सगळे नुसतं यूजे म्हणतात, तो तुटला की शीडही गेलं आणि सुकाणूही.

रबरी यूजेला चीर पडते ती बहुतेक वेळा टोकाशी, जिथे रबर धातूला किंवा प्लास्टिकला भिडतं तिथे. नुसतं वरून बघून ती दिसत नाही. दोन्ही हातांनी सांधा काटकोनात वाकवायचा आणि ताणलेल्या बाजूवर अंगठा फिरवायचा. नखाला खाच लागली की तो यूजे त्या दिवशी पाण्यात न्यायचा नाही. टेंडनवाला (रबराऐवजी प्लास्टिकची लवचिक दांडी असलेला) असेल तर टेंडन बाहेर काढून तसंच बघायचं. ऊन आणि वाळू दोन्ही त्याला खातात. बहुतेक यूजेंना बाजूने एक पट्टी किंवा दोरी असते. सांधा तुटला तरी बोर्ड आणि शीड वेगळे होऊ नयेत एवढंच तिचं काम. ती झिजलेली किंवा काढून टाकलेली दिसली तर मी शिकाऊ मुलांना पाण्यात सोडत नाही, मग कुणी कितीही तोंड वाकडं करो.

ही पट्टीही नसेल, तर तुटण्याच्या क्षणी काय होतं? तुम्ही बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, हातात धरून पाण्यात पडता आणि बोर्ड मोकळा होतो. अशा वेळी आपसूक बूम घट्ट धरला जातो. तो सोडायचा आणि बोर्डकडे झेपावायचं. पाण्यात आडवं पडलेलं शीड जागच्या जागी लोळत राहतं, जवळजवळ नांगराचं काम करतं. बोर्ड मात्र हलका, पाण्याच्या वर राहणारा. थोड्या वाऱ्यातही तो असा सुटतो की हार्नेस घालून पोहणाऱ्याला गाठता येत नाही. बोर्ड हातात आला की शीडापर्यंत वल्हवत जाता येतं. उलटं जमत नाही.

बांधायचं असं. बोर्डवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा. मास्टच्या एक्स्टेन्शनचा (बुंध्यात बसणाऱ्या जोडनळीचा) खालचा भाग मांडीवर ओढून घ्या. दोरी एक्स्टेन्शनच्या कप्पीच्या चौकटीतून घाला, मग बोर्डला स्क्रूने घट्ट बसलेल्या खालच्या थाळीच्या उरलेल्या खुंटाभोवती, पुन्हा वर, असे तीन-चार वेढे. वेढे सैलच राहणार, कारण लाटेवर दोन्ही टोकं हलत असतात. खरी पकड येते ती यानंतर: मोळी आवळताना देतात तसे आडवे वेढे उभ्या वेढ्यांच्या मधोमध घालायचे आणि प्रत्येक वेढा शरीर मागे टाकून ओढायचा. शेवटी अर्ध्या गाठी, दोन नव्हे, चार. हल्लीच्या डाउनहॉलच्या, म्हणजे शीड खाली ताणणाऱ्या, दोऱ्या डायनिमा या कृत्रिम धाग्याच्या असतात. ताकद अफाट, पण अंग गुळगुळीत, साधी गाठ भिजल्यावर सरकत जाते.

खुंटच उरला नसेल तर मास्टचं टोक पुढच्या दोन्ही फूटस्ट्रॅपना (पाय अडकवायच्या पट्ट्यांना) दोन बाजूंनी ताणून बांधता येतं. शीड त्यामुळे मागे सरकतं आणि बोर्ड सारखा वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघतो, तेव्हा शीड नेहमीपेक्षा पुढे झुकवून चालवावं लागतं. कसंही बांधलेलं असो, पंपिंग (शीड हाताने मारून वेग घेणं) नाही, उड्या नाहीत, अंगाचा पूर्ण भार टाकायचा नाही. मास्टचं टोक डेकवर घासेल, खड्डाही पाडेल. पाडू दे.

दोऱ्या तुटल्या तर त्यामानाने सोपं आहे. शीड मागे ताणणारा आउटहॉल गेला की शीड पोतं होऊन फडफडतं. हार्नेस लाइन (हार्नेसचा हुक अडकवायची बूमवरची दोरी) सोडून तिथे बांधा, किनाऱ्यापर्यंत हातांनी धरून या. हार्नेस लाइन तुटली तर उलट काही करायची गरजच नाही, हात दुखतील एवढंच. पाण्यातून शीड वर ओढायचा अपहॉल तुटला आणि वॉटरस्टार्ट (पाण्यातूनच वाऱ्याच्या जोरावर बोर्डवर उभं राहणं) येत नसेल, तर तुटलेल्या टोकाला गाठ मारून पकड तयार करा.

डाउनहॉल हे वेगळं प्रकरण. कप्प्यांतून फिरून येणारी ही दोरी किनाऱ्यावरसुद्धा पायाचा जोर लावून ओढावी लागते. ती बहुधा क्लीटच्या (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेच्या) दातांजवळ कुरतडली जाऊन तुटते, आणि लांब टोक राखलेलं असेल तर उरलेली दोरी परत ओवता येते. सगळ्या कप्प्यांतून ओवत बसू नका, दोन फेरे पुरतात. मग दोरीचा फास करून हार्नेसच्या हुकात अडकवा, पाऊल मास्टच्या बुंध्याला लावा आणि पाण्यात मागे रेला. हाताच्या बोटांनी जो ताण येत नाही तो कमरेने येतो. पूर्वीइतका ताण तरीही मिळणार नाही. मग शीड फुगीर होतं, जोराचा केंद्रबिंदू मागे सरकतो, आणि झुळूक आली की मागचा हात खेचला जातो. अशा वेळी मागचा हात सैल ठेवायचा, शीड पूर्ण भरू द्यायचं नाही.

बूमचा पुढचा जबडा फुटला तर घाबरायचं कारण नाही. १९८०च्या दशकात पकडीचे बूम सर्रास होण्याआधी बूम मास्टला दोरीनेच बांधत असत. अपहॉल काढा, मास्टभोवती पाच-सहा घट्ट वेढे द्या, ते बूमच्या तोंडातून दोनदा फिरवून आवळा. बूम थोडा खाली घसरेल, चालतो. एका बाजूची नळी मोडली असेल तर आउटहॉल बराच सैल करा आणि चांगली नळी आपल्या बाजूला येईल त्याच टॅकवर (वारा ज्या बाजूने घ्यायचा त्या बाजूवर) जेवढं जाता येईल तेवढं जा. ती दिशा किनाऱ्याची नसेल तर हा उपाय बाद.

फिन, म्हणजे बोर्डखालचा मागचा पंख, तुटणं मला सगळ्यात गमतीशीर वाटतं, अर्थात दुसऱ्याची तुटते तेव्हा. बोर्डची मागची बाजू एकदम वाऱ्याबरोबर घसरत जाते आणि काही केल्या सरळ जाता येत नाही. डॅगरबोर्ड (मधून पाण्यात सोडायची उभी फळी) असलेला शिकाऊ बोर्ड असेल तर तो पूर्ण खाली सोडला की बरंच निभावतं. नसेल तर हार्नेस काढून बोर्डच्या मागच्या टोकाला गुंडाळायचा, हुक खालच्या बाजूला पाण्यात येईल असा, आणि सरकू नये म्हणून पट्टा मागच्या फूटस्ट्रॅपमधून घ्यायचा. वेग चालण्याइतका राहतो, वाऱ्याच्या उलट दिशेने वर चढता येत नाही, पण आडवं जाता येतं. मात्र तुम्हाला तरंगतं ठेवणारं दुसरं जॅकेट अंगात असेल तरच हार्नेस काढा.

मास्ट तुटला तर दुरुस्तीचा विचार डोक्यातून काढून टाका. कार्बनच्या तुटक्या कडा हात कापतात, कुसळं बोटांत घुसतात, आणि फाटक्या शिडातून तो तुकडा बाहेर काढणं हे खोल पाण्यातलं काम नव्हे. आउटहॉल सोडा, बूम मास्टच्या बाजूला दुमडा, शीड मागच्या कोपऱ्याकडून मास्टकडे गुंडाळत आणा, मिळेल त्या दोरीने बांधा. ती गुंडाळी बोर्डवर लांबीने ठेवून तिच्यावर पालथं पडून वल्हवा. कॅम (शिडाच्या पट्ट्या मास्टवर टेकवणारे तुकडे) असलेलं मोठं शीड गुंडाळलंच जात नाही. अशा वेळी, किंवा वारा आत नेत असेल तेव्हा, शीड सोडून द्यायचं. इथे बरेच जण अडतात, कारण महाग वस्तू सोडवत नाही. बोर्ड तुमची होडी आहे, शीड तिचं ओझं झालंय. मला यात दुसरा हिशोब दिसत नाही.

काहीच जुळत नसेल पण शीड शाबूत असेल, तर आणखी दोन रीती शिकून ठेवा. वारा किनाऱ्याकडे असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, अपहॉल धरून शीड पुढे बोर्डच्या नाकावर फडफडू द्यायचं. त्या फडफडीवरच बोर्ड हळूहळू वाऱ्याबरोबर सरकतो. फिन नसताना तर हे फार उपयोगी. दुसरी रीत बटरफ्लाय: मास्टचं वरचं टोक बोर्डच्या मागे येईल असं शीड फिरवायचं, बूम बोर्डच्या मागच्या भागावर टेकवायचा म्हणजे शीड पाण्याबाहेर राहतं, आणि पुढे पालथं पडून वल्हवायचं. हलक्या वाऱ्यात छान चालतं, लाटा असतील तर कटकट.

थंड पाण्याचं गणित वेगळं आहे. कॅनडाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेलं १-१०-१ लक्षात ठेवा. गोठवणाऱ्या पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, हात-पाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. वेटसूटने हे आकडे लांबतात, पण बोटं सगळ्यात आधी जातात हे बदलत नाही. म्हणून गाठीचं काम असेल ते आधी उरका, आणि जमेल तेवढं शरीर पाण्याबाहेर, बोर्डवर ठेवा.

जवळ काय ठेवायचं? चार मिलिमीटर जाडीची दोन मीटर दोरी, हार्नेसच्या कमरेला गुंडाळून. शिट्टी. दोरी कापायचं छोटं, टोक नसलेलं पातं. जलरोधक पिशवीत फोन, नाहीतर व्हीएचएफ रेडिओ. त्यावर आणीबाणीचं चॅनेल १६. चिकटपट्टी बाळगणारे खूप भेटतात. ओल्या मोनोफिल्मला (शिडाच्या पारदर्शक प्लास्टिकला) ती चिकटत नाही, ती किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवा. शीड फाटलं तर डाउनहॉल-आउटहॉल सैल करून फट वाढू न देता चालवणं, एवढंच पाण्यात शक्य असतं.

मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. हा आंतरराष्ट्रीय संकटसंकेत आहे. एक हात उंचावून हलवलात तर लांबचा माणूसही हात हलवून नमस्कार करेल आणि निघून जाईल.

हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात, ग्लोव्हज घालून, एकदा तरी करून बघा. यूजे मुद्दाम काढून ठेवायचा, सोबत्याला बोर्ड हलवत राहायला सांगायचं, आणि बांधायचं. वाळूवर बसून मारलेली गाठ हलत्या बोर्डवर तशी येत नाही, हे तिथे लगेच कळतं.

आणि बोर्ड, शीड, बूम, तिन्हींवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव आणि फोन नंबर लिहा. शीड सोडून तुम्ही सुखरूप परत आलात, तर लगेच किनारा-रक्षकांना कळवा. नाहीतर कुणाला तरी ते रिकामं शीड तरंगताना दिसतं आणि बोटी तुम्हाला शोधायला बाहेर पडतात.