पोरांचा खाऊ: गोळ्या-चॉकलेट बंद नका करू, वार ठरवा

घरात लहान पोरं असली की गोळ्या-चॉकलेटवरनं वाद ठरलेला. एक पार्टी म्हणणार सगळं बंद करा, दुसरी म्हणणार खाऊदे की, लहान आहे तोवरच तर खाणार. मला दोन्ही पटत नाही. पूर्ण बंद केलं तर पोरगं शेजारच्या घरी जाऊन खातंय, शाळेच्या गेटवर मित्राकडनं घेऊन खातंय, आणि मोकळं सोडलं तर दुसरीत जायच्या आधी दाढ किडलेली. आणि मधला मार्ग म्हणून लोक "हेल्दी" लिहिलेलं काहीतरी महागडं पाकीट आणतात आणि ते पोरं दिवसभर चघळत बसतात, म्हणजे पैसे गेले ते गेले आणि काम तेच.

तर आधी कधी आणि किती वेळा द्यायचं ते ठरवायचं, काय द्यायचं ते त्याच्यानंतर. कारण सांगते. तोंडातले जंतू साखरेचं ॲसिड करतात, तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, मग लाळ हळूहळू ते परत जाग्यावर आणते पण त्याला अर्धा तास तरी जातो. म्हणजे पोरानं दहा गोळ्या जेवणानंतर एका बैठकीत खाल्ल्या तर दाताला एकदा मार, आणि त्याच दहा गोळ्या सकाळपासनं संध्याकाळपर्यंत एकेक करून खाल्ल्या तर दहा वेळा मार. साखर तेवढीच. (दहा हे नुसतं उदाहरण आहे हं, दहा देऊ नका.)

हे स्वीडनमध्ये 1940 च्या दशकात बघितलं गेलंय. लुंड गावाजवळच्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात किती किडतात ते मोजलं, त्यांना न विचारता, त्यामुळं प्रयोग म्हणून लाजिरवाणाच प्रकार. पण त्यातनं कळलं ते हे की जेवणासोबतच्या साखरेनं दात त्या मानानं कमी किडले आणि दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीनं भयंकर किडले. पुढं स्वीडनमध्ये पोरांना गोड फक्त शनिवारी द्यायची पद्धत पडली, ती अजून चालू आहे.

आता हे वाचून मला वाटलं आपल्याकडं काय वेगळं होतं ओ? बाजाराच्या दिवशीच खाऊ यायचा. आजोबा बाजारातनं आले की धोतराच्या सोग्यात नाहीतर पिशवीच्या तळाला शेव-चुरमुरे, फुटाणे, लिमलेटच्या गोळ्या, कधी रेवड्या, आणि मग थेट पुढच्या बाजारापर्यंत काही नाही. तेच परत आणायचंय. तुमच्या गावचा जो बाजारवार असेल तो धरा, शहरात राहत असाल तर रविवार धरा, काय फरक पडत नाही, पण वार एकच आणि तो घरातल्या सगळ्यांना माहीत.

पद्धत अशी. त्या दिवशी पोराला दुकानात न्यायचं, हातात ठरलेले पैसे द्यायचे, वीस म्हणजे वीस, आणि निवड त्याची त्याला करू द्यायची, इथं मध्ये मध्ये बोलायचं नाही, फक्त खाली सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी सोडून. घरी आल्यावर सगळं एका डब्यात. दुपारचं जेवण झालं की पोराच्या स्वतःच्या मुठीत मावेल एवढं, अर्ध्या तासात खाऊन संपवायचं, वर पाणी प्यायचं, खळखळून चूळ भरायची. उरलेलं डब्यात, पुढच्या बाजाराला. आंबट गोळ्या खाल्ल्या असतील तर लगेच ब्रश करायला लावू नका, ॲसिडनं इनॅमल मऊ पडलेलं असतं, अर्धा तास जाऊदे मग करा. आणि रात्री ब्रश झाल्यावर तर काहीच नाही, झोपेत लाळ कमी सुटते.

डबा कुणाच्या ताब्यात? आजोबांच्या. ही आयडिया सगळ्यात भारी चालते बघा, कारण खिशातनं गुपचूप गोळी काढून देणारे पण तेच असतात आणि एकदा खजिनदार केलं की तेच सगळ्यात कडक होतात. आज्जीचं मात्र "एक गोळी खाल्ली तर काय होतंय गं" हे चालूच राहणार. तिथं भांडायचं नाही, "आई, एक तुमची, एक मावशींची, एक दुकानदाराची, एक रिक्षावाल्या काकांची, झाल्या की चार" एवढं मोजून दाखवायचं. किराणा दुकानात सुट्ट्या पैशांच्या बदली गोळ्या हातावर ठेवतात त्याला पण स्पष्ट नाही म्हणायचं, आता फोनवरनं पैसे देता येतात, सुट्ट्याचं कारण राहिलेलं नाही.

किती द्यायचं त्याचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलंय की दिवसभरात पोटात जाणाऱ्या कॅलरीतल्या 10 टक्क्यांपेक्षा कमी वरच्या साखरेतनं याव्यात, 5 टक्क्यांच्या आत आल्या तर अजून चांगलं. पोरांसाठी सोपा आकडा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा आहे, 2016 चा, 2 ते 18 वर्षांच्या मुलांना दिवसाला वरनं घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आता सकाळचं दुधातलं चॉकलेट पावडरवालं प्रकरण, चहात बुडवलेली बिस्किटं, पोळीसोबतचा जॅम, हे सगळं धरा की सहातले चार-पाच चमचे तिथंच गेले. एक साधी कडक गोळी चार-पाच ग्रॅमची असते आणि ती जवळजवळ सगळी साखरच, म्हणजे एक चमचा. त्यामुळं बाजारवारी सकाळचं दूध बिनसाखरेचं, बिस्किटं नाहीत. पोरं हा सौदा आनंदानं करतात.

आता काय निवडायचं. माझा साधा नियम, तोंडात जेवढा वेळ राहतं तेवढं वाईट. लॉलीपॉप सगळ्यात वाईट, पाव-पाव तास चोखतात. चिकट टॉफी आणि जेली दाढेच्या खाचेत जाऊन बसते. आंबट पावडर लावलेल्या गोळ्यांत साखर प्लस सायट्रिक ॲसिड, डबल काम. त्यापेक्षा साधं चॉकलेट बरं, विरघळून जातं. फक्त खरं चॉकलेट घ्या, पाकिटावर कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल तर ते नुसतं चॉकलेटच्या रंगाचं वनस्पती तूप आणि साखर.

माझं माहेर साताऱ्याचं म्हणून पक्षपात म्हणा हवं तर, पण जेवणानंतर एक कंदी पेढा हा लॉलीपॉपपेक्षा कधीही चांगला. खवा चांगला खरपूस भाजलेला, दुधाचं काहीतरी पोटात जातं, दोन घासात संपतो. साखर आहेच, नाही कशाला म्हणू, एकच द्यायचा. आणि ताजा बघून, खव्याला आंबूस वास आला की सरळ टाकून द्या.

गुळाबद्दल मात्र लोकांचा फार गैरसमज आहे. गुळाची चिक्की म्हणजे कितीही खा असं नाही हो, गूळ पण बहुतेक साखरच आहे, थोडं लोह आणि खनिजं असतात एवढंच, आणि दातातल्या जंतूंना गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखंच. चिक्की चांगली आहे ती शेंगदाण्यामुळं, प्रोटीन मिळतं, पोट भरतं, त्यामुळं पोरं आपोआप कमी खातात. सांगलीत गुळाची एवढी मोठी पेठ आहे तर गूळ बघून घ्या, पिवळाधमक चकचकीत गूळ दिसला की त्यात बहुतेक रंग उजळवायची हायड्रॉस नावाची केमिकल पावडर मारलेली असते, पूर्वी गुऱ्हाळात रानभेंडीच्या रसानं मळी काढायचे. रंगानं काळपट तपकिरी गूळ घ्या. ओळखीचं गुऱ्हाळ असेल तर उत्तमच.

घरी करायचं तर चिक्कीच्या पाकाच्या भानगडीत पडूच नका, दाण्याचे लाडू करा. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडून काढायची, 125 ग्रॅम गूळ किसून दोन्ही मिक्सरला थांबून थांबून फिरवायचं, दाण्याला तेल सुटलं की आपोआप वळले जातात, वेलची घाला, चिमूटभर मीठ घाला. बारके पंचवीस वळायचे. एका लाडवात गूळ 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर, हा एखादा अध्येमध्ये जेवणासोबत दिला तरी चालतो. राजगिऱ्याचा लाडू पण चांगला, हलका असतो, पण विकतच्या पाकिटावर मागं वाचा, बऱ्याचदा गुळाच्या आधी लिक्विड ग्लुकोज लिहिलेलं असतं, ती पण साखरच.

पाकीट वाचायचं कसं तेही सांगते. घटक जे असतात ते वजनानं जास्त ते आधी असे लिहावे लागतात. पहिलंच नाव साखर असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. कधी कधी साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी वेगवेगळी नावं पसरून लिहितात म्हणून एकेक मागं दिसतात, ती मनात एकत्र करा. मग ॲडेड शुगर्सचा आकडा बघा, तो 100 ग्रॅमचा आहे का एका सर्व्हिंगचा हे बघा. 100 ग्रॅमला 60 ग्रॅम असेल आणि बार 20 ग्रॅमचा असेल तर पोटात 12 ग्रॅम, तीन चमचे. "नो ॲडेड शुगर" लिहिलेल्या फ्रूट बारमध्ये बऱ्याचदा फळाचा आटवलेला रस असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ती पण वरचीच साखर. महाबळेश्वर-पाचगणीला गेलं की स्ट्रॉबेरीच्या जेल्या पिशव्या भरभरून आणतात, त्यावर फळ किती टक्के ते एकदा वाचा आणि सीझन असेल तर त्या पैशात टोपलीभर स्ट्रॉबेरीच आणा. जेलीवर हिरवा ठिपका आहे का तपकिरी त्रिकोण तेही बघा, शाकाहारी घर असेल तर, कारण जिलेटिन प्राण्यांपासनं काढतात.

रंगाचं वेगळं. साखरेनं पोरं चेकाळतात असं सगळे म्हणतात पण 1995 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर तसं काही निघालं नाही. रंगांबद्दल मात्र शंका आहे, 2007 मध्ये इंग्लंडात साऊथम्पटनला केलेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणानं काही पोरांचा चळवळेपणा वाढलेला दिसला आणि युरोपात 2010 पासनं अशा सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. आपल्याकडं त्यातले 102, 110, 122, 124 हे नंबर गोळ्यांच्या पाकिटावर सर्रास दिसतात. मी तर दुकानात पोराला एवढंच सांगते, जीभ रंगणारं नको. हा त्या दोन-तीन गोष्टींतला पहिला, दुसरा लॉलीपॉप नको, तिसरा आंबट पावडर नको.

जत्रेतले गुलाबी म्हातारीचे केस तर अजिबात नको. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूनं त्यावर बंदी घातली, नमुन्यांत रोडामाइन बी सापडलं, ते कापडं रंगवायचं केमिकल आहे, खायचं नाहीच. जत्रेत पोरगं हटून बसलंच तर भडंग घ्या, भाजलेलं मक्याचं कणीस घ्या, नाहीतर खेळण्याकडं वळवा.

बेदाणे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आपल्या दारातली गोष्ट, आणि जेली-टॉफीच्या जागी मूठभर बेदाणे-फुटाणे हे मी कुणालाही सांगेन. दाताला चिकटतात हे खरं, म्हणून तेही जेवणासोबतच आणि वर पाणी. सोनेरी पिवळे बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असतात, दम्याच्या पोराला त्रास होऊ शकतो, त्याला काळे किंवा तपकिरी द्या.

वयाचं एकदम महत्त्वाचं: चार-पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळी, चिक्कीचा तुकडा काही नाही, घशात नाही तर श्वासनळीत जातं. कूट करून द्या, लाडू कुस्करून द्या, आणि बसून खायला लावा, पळत पळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध पण नाही, जिभेला चाटवायला सुद्धा नाही. शेंगदाणा पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या, अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर डॉक्टर. शुगर-फ्री गोळ्या आणू नका, त्यात साखरेच्या जागी बऱ्याचदा माल्टिटॉल नाहीतर सॉर्बिटॉल असतं, पोरानं जास्त खाल्ल्या की संडास सुरू होऊ शकते.

राहिला शाळेतला वाढदिवस. तिथं वर्गातल्या सगळ्यांची चॉकलेटं घरी येतात, त्याला नाही म्हणू नका, पोराला वाईट वाटतं, ते चॉकलेट डब्यात टाकायचं आणि बाजारवारी मुठीत तेच आधी मोजायचं. आपल्या पोराच्या वाढदिवसाला मात्र पेन्सिल-खोडरबर वाटा, नाहीतर राजगिऱ्याचे लाडू. बाईंना आधी विचारा, वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते त्यांना माहीत असतं.