सीए इंटर अडकलंय? सोलापुरातून शिकताना मला कामाला आलेल्या गोष्टी

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटची मधली परीक्षा इंटर, तिचा रिझल्ट लागला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई ग्रुप (पेपरांचा गट) नाही निघाला, आता परत बसू का सोडून देऊ. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते. "चिकाटी ठेव, होईल" असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाहीये, पण नापास झाल्यावर तेच पुस्तक परत पहिल्या पानापासून उघडायचं यालाच बरेच जण चिकाटी समजतात आणि माझ्या डोळ्यासमोर त्यातच हुशार हुशार पोरं थकून गेली. परत बसायचंच आहे, फक्त बसायच्या आधी आपलं नेमकं कुठं अडलं हे कागदावर बघायचं.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. घर अशोक चौकाकडं, नाना (माझे वडील) पॉवरलूमवर टॉवेल काढायचे, अम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळा मराठी मीडियम, आणि सीएची परीक्षा इंग्लिश किंवा हिंदीत, मराठीचा पर्यायच नाही. घरात कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं, त्यामुळं सीए म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागलं. आमच्या वेळी इंटरला ८ पेपर आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकायचा काळ, ३ वर्षांची होती. आता नवीन स्कीममध्ये इंटरला ६ पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप, आणि आर्टिकलशिप २ वर्षं. आम्हाला एक ग्रुप काढून आर्टिकलशिपला लागता यायचं, तुम्हाला दोन्ही काढावे लागतात. परीक्षासुद्धा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. आमच्या वेळी गेलेला अटेम्प्ट म्हणजे सहा महिने गेले, तुम्हाला चार महिन्यांत परत चान्स आहे. हे चांगलंच आहे, पण त्याचा एक तोटा दिसतो, पोरं रिझल्ट लागल्या लागल्या घाईत पुढचा फॉर्म भरतात आणि मधे विचार करायला वेळच काढत नाहीत.

आता पासिंगचा नियम, कारण यातच अर्ध्या लोकांचं अडतं. प्रत्येक पेपरात किमान ४० पाहिजेत आणि ग्रुपची टोटल ५० टक्के पाहिजे, म्हणजे आताच्या हिशोबानं ३०० पैकी १५०. माझा पहिला ग्रुप असाच अडकला होता, चारही पेपरात ४० च्या वर होते पण टोटल ४०० पैकी २०० ला पोचली नाही. घरी हे समजावणं फार अवघड गेलं, नाना विचारायचे सगळ्या विषयात पास आहेस तर नापास कशी. त्यात भर म्हणजे दुसऱ्या घरातली मुलगी बीकॉम होऊन बँकेत लागलेली, तिचं नाव रोज निघायचं. ज्यांचं असं चालू असेल त्यांनी घरच्यांना एकदा शांतपणे बसून मार्कशीट दाखवा आणि हिशोब करून सांगा, बोलणी कमी होतात. नानांना आकड्यांचा हिशोब लगेच कळला, मीटरवर मजुरी घेणारा माणूस आहे, त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

टोटल कमी पडणं आणि एखाद्या पेपरात ४० न होणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषध पण वेगळं. टोटल कमी पडत असेल तर ज्या पेपरात तुम्ही आधीच बरे आहात तोच पेपर ६० च्या वर न्यायचा, कारण ग्रुप गेला तरी ६० किंवा जास्त आलेल्या पेपरला एक्झम्प्शन मिळतं, म्हणजे तो परत द्यावा लागत नाही, आणि ते पुढच्या तीन अटेम्प्टला चालतं. आणि ते मार्क टोटलमध्ये धरले जातात हे पुष्कळांना माहीतच नसतं. समजा एका पेपरात ६४ आले आणि एक्झम्प्शन मिळालं, तर उरलेल्या दोन पेपरात मिळून ८६ काढले की १५० झाले, अर्थात दोन्हीत ४० पाहिजेतच. मला टॅक्समध्ये एक्झम्प्शन मिळालं आणि तिथून सगळं हलकं झालं. पण एखाद्या पेपरात ३०-३२ वरच अडकत असाल तर तो विषय उरलेल्या वेळात उरकायचा नाही, पहिले पाच-सहा आठवडे रोज सकाळचा पहिला तास त्यालाच द्यायचा. आवडता विषय आधी उघडावासा वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, तिथं मन आवरायला लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता. इन्स्टिट्यूटकडून, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयकडून, तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवता येते, रिझल्टनंतर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज करायचा, पेपरमागं फी आहे. व्हेरिफिकेशन हा वेगळा अर्ज, त्यात फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, पेपर नव्यानं तपासत नाहीत, त्यामुळं त्याच्यावर आस लावून बसू नका. कॉपी मात्र मागवाच. बघायला फार त्रास होतो, मी पहिल्यांदा कॉपी उघडली तेव्हा दोन पानं बघून बंद केली होती, दुसऱ्या दिवशी परत उघडली आणि शेजारी इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स (नमुना उत्तरं) ठेवून एकेक उत्तर लावून बघितलं. लॉच्या पेपरात मला सगळं येत होतं आणि मार्क अर्धेच. कारण समोर दिसत होतं, मी थेट निष्कर्ष लिहून मोकळी होत होते, तिथं आधी कायद्यातली तरतूद, मग दिलेल्या केसला ती कशी लागू होते, मग निष्कर्ष अशी मांडणी पाहिजे. अकाउंट्समध्ये वर्किंग नोट्सना, म्हणजे उत्तरासोबत दाखवलेल्या आकडेमोडीला, मार्क असतात, शेवटचं उत्तर चुकलं तरी तिथले मिळतात, आणि वर्किंग रफमध्ये करून खोडून टाकणारे कितीतरी जण आहेत. हे कुठल्याच क्लासमध्ये इतकं लख्ख कळलं नसतं.

अम्माचं इथं सांगते. ती कारखान्यात विड्या द्यायला जायची तेव्हा तपासणारा काही विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, तेवढ्याचे पैसे नाहीत. अम्मा भांडायची नाही पण विचारल्याशिवाय तिथून उठायची पण नाही, पान कमी भिजलंय का, तंबाखू कमी पडलीय का, तोंड नीट दुमडलं नाही का. घरी येऊन तेवढंच नीट करायची, बाकी हात जसा चालायचा तसाच. मला नापास झाल्यावर कॉपी मागवायचं सुचलं ते तिच्यामुळंच.

इंग्लिशचं विचारतात बऱ्याच जणी. मराठी मीडियममधून आलेल्यांनी भाषेला घाबरून विषय सोडायचं काही कारण नाही, परीक्षेला लागणारं इंग्लिश ठरावीक असतं, तीच तीच वाक्यं, तेच शब्द. मी रोज एक उत्तर हातानं लिहायचे आणि सजेस्टेडमधली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवायचे, काही महिन्यांत हात बसतो. आता सगळ्या पेपरांना ३० टक्के एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) आहेत आणि इंटरला त्यात निगेटिव्ह मार्किंग नाही, मग एकही प्रश्न मोकळा सोडू नका. सुरुवातीला वाचायला १५ मिनिटं मिळतात, त्यात लेखी भागात जिथं निवड असते तिथं कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवून टाका. स्टडी मटेरियल, आरटीपी (उजळणीचे प्रश्न), मॉक टेस्ट पेपर सगळं इन्स्टिट्यूटच्या साइटवर फुकट आहे, पैशाची ओढाताण असेल तर क्लास फक्त अडलेल्या विषयाचा लावा.

आणि अटेम्प्ट निवडताना घरातलं वातावरण पण बघा. जानेवारीचा पेपर ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत येतो, पाहुणे येतात, होम मैदानाकडं सगळी गर्दी, घरात बसवत नाही. मे मध्ये सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पत्र्याच्या घरात दुपारी अभ्यास होत नाही, मी पहाटे चारला उठून दहापर्यंत आणि मग संध्याकाळी अभ्यासिकेत असं करायचे. शेजारी लूम चालू असायचे, त्याची सवय होती म्हणून काही वाटलं नाही, पण ज्यांना शांतता लागते त्यांनी अभ्यासिकेचे पैसे वाचवू नयेत.

ग्रुप निघाल्यावर वाटलं आता सुटले, आणि आर्टिकलशिपला कोणी घेईना. हा नकार परीक्षेपेक्षा जास्त लागतो कारण समोर बसून तोंडावर मिळतो. एका ऑफिसमध्ये सांगितलं की साखर कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या ऑडिटला तालुक्याला जावं लागतं, मुलगी नको. दुसरीकडं म्हणाले अटेम्प्ट जास्त झालेत. आणखी एका सरांनी मात्र नीट सांगितलं, बाई मला जीएसटीचं काम येणारं माणूस पाहिजे, शिकवायला आता वेळ नाही. घरी येऊन मी ही कारणं वेगळी केली. मुलगी नको हे कारण माझ्या हातातलं नव्हतं, असल्या दारात परत जायचं नाही, त्याच्यावर रात्र घालवायची नाही. अटेम्प्टचं पण आता बदलणार नव्हतं. जीएसटीचं कारण मात्र मी बदलू शकत होते. आमच्या गल्लीत एक टॉवेल कारखानदार काका आहेत, त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं काका तुमच्या सुताच्या खरेदीची बिलं मला द्या, मी जीएसटीआर-२बी शी (सप्लायरनी अपलोड केलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) टॅली करून देते, पैसे नको. कुठल्या सप्लायरनं बिल अपलोडच केलं नाही, कुठं जीएसटी नंबर चुकलाय, असं सगळं एक्सेलमध्ये काढलं आणि काकांचं अडकलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, समोर आलं. महिन्याभरानं त्याच सरांकडं परत गेले. ते म्हणाले, "का गं, परत?" मी काकांची परवानगी घेऊन ती शीट नेली होती, नावं झाकून, ती दाखवली. सरांनी वीसेक मिनिटं प्रश्न विचारले आणि सोमवारपासून ये म्हणाले.

म्हणून आर्टिकलशिप शोधणाऱ्यांना सांगते, नकार मिळाला तर जाता जाता एकच विचारा, सर काय शिकून आले तर विचार कराल. दहातले सात जण उडवून लावतील, उरलेले खरं सांगतात. आणि वेळ बघून जा, ३१ जुलैच्या रिटर्नच्या आधी किंवा ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या तोंडावर सरांना मान वर करायला फुरसत नसते. ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा मला बरा वाटतो, दुपारी तीननंतर. तोवर आर्टिकलशिपच्या आधी करावे लागणारे आयटी आणि ओरिएंटेशनचे कोर्स उरकून ठेवा, म्हणजे आजपासून येऊ शकते असं म्हणता येतं.

फायनलबद्दल, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेबद्दल, जास्त लिहीत नाही, पद्धत तीच. एकच सांगते, नोव्हेंबर २०२३ ला दोन्ही ग्रुपला एकदम बसलेल्यांपैकी १० टक्के पण पास झाले नव्हते, तेव्हा तिथं नापास होणारा माणूस मठ्ठ असतो असं कोणी म्हटलं तर हा आकडा सांगा.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण द्यायचं तर बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. पायाला पोलिओ, लहानपणी आईबरोबर बांगड्या विकल्या, शिक्षकाची नोकरी केली, २०१२ ला यूपीएससीत २८७ वी रँक. बॅनरवर ही रँक येते, पण पहिल्या अटेम्प्टला ते नापास झाले होते हे कोणी छापत नाही. मला तो मधला काळ जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मेसेज करणाऱ्या सगळ्याजणी आत्ता तिथंच आहेत.

नोकरीसाठी पुण्याला इंटरव्ह्यूला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, संध्याकाळी परत, आणि मग काहीच कळवत नाहीत. मी प्रत्येक नकारानंतर दोन ओळींचा मेल टाकायचे की कुठं कमी पडले ते सांगाल का. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीनं दिलं, की तुम्हाला इंड एएस (कंपन्यांच्या हिशोबाचे नियम) पाठ आहे पण कंपनीच्या बॅलन्सशीटवर बोलता येत नाही. मग मी लिस्टेड कंपन्यांचे ॲन्युअल रिपोर्ट उतरवून घेतले आणि नोट्स वाचत मोठ्यानं बोलायची सवय केली, आरशासमोर नाही, नानांसमोर. त्यांना कळायचं नाही पण ते ऐकायचे आणि मधेच विचारायचे, म्हणजे धंदा नफ्यात आहे का नाही, आणि तेवढ्याचं सरळ उत्तर देता आलं पाहिजे हे तिथं शिकले. आता पुण्यात एका कंपनीच्या फायनान्स डिपार्टमेंटला आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कधी थांबायचं. यावर मी कुणाला "सोडूच नकोस" असं सांगत नाही. बीकॉम सोबत पूर्ण करा, ते सोडून फक्त सीएच्या मागं लागू नका. प्रत्येक अटेम्प्टनंतर मार्कशीट शेजारी शेजारी ठेवा, मार्क वर सरकतायत का बघा. ३८, ४४, ४९ असं चाललं असेल तर बसा, घरच्यांशी बोला, पैशाचं काहीतरी जुळवा, पण बसा. तीन अटेम्प्ट एकाच जागी असतील आणि कॉपी बघून, पद्धत बदलून पण हलत नसतील तर थांबायचा विचार करण्यात काही कमीपणा नाही. माझी मैत्रीण इंटरचा एक ग्रुप काढून थांबली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल एक्सपोर्टरकडं अकाउंट्स बघते, एक्सपोर्टचं जीएसटी रिफंडचं काम तिच्याइतकं चांगलं मला येत नाही, अडलं की मीच तिला फोन करते. ज्यांना अशा कामाची माहिती पाहिजे त्यांनी पण मेसेज करा, तिला विचारून सांगते. आणि ज्यांना परत बसायचंय त्यांनी आज आधी कॉपीसाठी अर्ज करायची शेवटची तारीख बघा, पुस्तक उद्या उघडलं तरी चालेल.