हाय फ्रिक्वेन्सी म्हणजे नक्की किती? या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एकच आकडा डोक्यात धरून बसणं. रेडिओवाल्यांचा एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आवर्तन, मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख), तो पट्टा ठरलेला आहे, आजच्या वायफायच्या मानाने कितीतरी खालचा. नवजात बाळांना जे हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेशन (यंत्राने दिलेला श्वास) देतात ते मात्र साधारण १० हर्ट्झवर चालतं, म्हणजे मिनिटाला ६०० छोटे छोटे झटके, आणि बाळ स्वतः श्वास घेतं मिनिटाला ४० ते ६०, त्यामुळे तिथे १० हर्ट्झ खरोखर हाय आहे. ईईजीत (मेंदूच्या विजेच्या आलेखात) ८० हर्ट्झच्या वरच्या लहरींना हाय फ्रिक्वेन्सी ऑसिलेशन म्हणतात. म्हणून किती हर्ट्झ हे नंतर बघा, आधी कशाच्या तुलनेत ते बघा: श्वासाच्या, वायरच्या लांबीच्या की कानाच्या.

सर्किट करणाऱ्यांची ठरलेली चूक अशी, "माझा क्लॉक (सर्किटला ताल देणारा सिग्नल) १ मेगाहर्ट्झचाच आहे, मग हाय फ्रिक्वेन्सीचा प्रश्न येतोच कुठे?" येतो, कारण क्लॉकपेक्षा सिग्नल किती झपकन वर चढतो ते महत्त्वाचं. ०.३५ ला राइझ टाइमने (सिग्नल वर चढायला लागणाऱ्या वेळेने) भागा, म्हणजे त्यातली वरची फ्रिक्वेन्सी कळते; १ नॅनोसेकंदाची एज (चढण) असेल तर ३५० मेगाहर्ट्झपर्यंतचा मसाला त्यात आहे, मग क्लॉक कितीही हळू असो, लांब ट्रेसवर (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेवर) रिंगिंग होणार, म्हणजे सिग्नल वरखाली थरथरणार, आणि पुढची चिप एकाच्या जागी दोन पल्स मोजणार. यावर उपाय म्हणजे ड्रायव्हरच्या (सिग्नल पाठवणाऱ्या चिपच्या) अगदी जवळ सीरिजमध्ये २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर टाका, ट्रेसखालचा ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा थर) मध्येच तोडू नका, चिपमध्ये स्लू रेट (सिग्नल चढण्याचा वेग) कमी करायची सोय असेल तर ती वापरा. डीकपलिंग कपॅसिटर (चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा) पण चिपच्या पायाला चिकटूनच हवा, कारण ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या पुढे तो इंडक्टरसारखा वागायला लागतो आणि लांब वायरींमुळे ही वेळ आणखी लवकर येते.

आणि स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) दिसतं तेच खरं असं धरू नका. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह जवळपास ७० टक्केच उंचीची दाखवतो. प्रोबची ग्राउंडची लांब वायर तर सिग्नलमध्ये नसलेलं रिंगिंगसुद्धा दाखवते, म्हणून बोर्ड बदलायच्या आधी छोटी स्प्रिंग ग्राउंड लावून परत बघा, बरेचदा निम्मा प्रॉब्लेम तिथेच संपतो.

जाड वायर टाकली की लॉस कमी होतो हे पण नेहमी खरं नाही. तांब्यात ५० हर्ट्झचा करंट पृष्ठभागापासून साधारण ९ मिलिमीटर आत जातो, १ मेगाहर्ट्झला फक्त ०.०६६ मिलिमीटर. आतलं तांबं नुसतं वजन.

सॅम्पलिंगमध्ये (सिग्नल ठरावीक वेळाने मोजण्यात) लोक हमखास फसतात. सेकंदाला १००० सॅम्पल घेताय आणि सिग्नलमध्ये ९०० हर्ट्झचा नॉइज आहे, तर तो तुम्हाला १०० हर्ट्झ म्हणून दिसणार, अगदी खऱ्यासारखा, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही फिल्टर लावा, खरा १०० हर्ट्झ कुठला आणि खोटा कुठला ते वेगळं करता येत नाही. फिल्टर एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधीच लागतो.

मेडिकलमध्ये "जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त चांगलं" ही समजूत सोडा. सोनोग्राफीत १० मेगाहर्ट्झच्या प्रोबने थायरॉइड सुंदर दिसतो, पण लिव्हरचा खोल भाग बघायला २ ते ५ मेगाहर्ट्झच लागतात. शरीरात आवाज दर सेंटीमीटरला दर मेगाहर्ट्झमागे अंदाजे अर्धा डेसिबल कमी होतो, म्हणजे १० सेंटीमीटर आत जाऊन परत येईपर्यंत १० मेगाहर्ट्झचे १०० डेसिबल गेले, उरलं काय? तिथे गेन (सिग्नल मोठा करणं) वाढवून नुसता नॉइज वाढतो, प्रोब बदला.

हार्ट रेट व्हेरिएबिलिटीच्या (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेच्या चढउताराच्या) रिपोर्टमधला एचएफ असतो ०.१५ ते ०.४ हर्ट्झ, आणि तो श्वासाशी जोडलेला आहे. मिनिटाला ६ असे संथ श्वास घेतले तर या चढउताराची लय ०.१ हर्ट्झवर येते, एलएफमध्ये (लो फ्रिक्वेन्सीत) मोजली जाते, एचएफ पडलेला दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. मोजताना श्वासाचा वेग नोंदवा.

उलट, जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त धोका असंही नाही. ५० हर्ट्झचा करंट हृदयाची लय बिघडवू शकतो, पण ऑपरेशनमधली कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र) काही लाख हर्ट्झवर चालते कारण साधारण १ लाखाच्या पुढे नसा आणि स्नायू त्याला फारसे दाद देत नाहीत. तिथे धोका उष्णतेचा असतो, पेशंट प्लेट (करंट परत नेणारी, अंगाला चिकटवलेली पट्टी) नीट चिकटली नाही तर कातडी भाजते, त्यामुळे पॉवर वाढवायच्या आधी प्लेट तपासा.

शेवटचं कानाचं. "ऐकू येतं पण समजत नाही" असं घरातलं कोणी म्हणत असेल तर ते लक्ष देत नाहीत असं समजू नका. स, श यांसारखे आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि वयानुसार आधी तेच जातात, खालचे स्वर शाबूत राहतात. मोठ्याने ओरडून स्वरच आणखी मोठे होतात, त्यापेक्षा समोर बसून सावकाश बोला आणि ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, त्यात ८००० हर्ट्झपर्यंत कुठे घसरण आहे ते दिसतं.