गच्चीवरील सामायिक गरम पाण्याची जुनी यंत्रणा सुधारताना

मुंबईत घर उबदार ठेवण्यासाठी यंत्रणा लागत नाही, त्यामुळे येथे ‘सेंट्रल हीटिंग’चे काम गरम पाण्यापुरतेच उरते. गच्चीवर सौर संच, त्याला जोडलेली मोठी टाकी आणि तेथून प्रत्येक न्हाणीघरापर्यंत उतरणारी गरम पाण्याची लाइन अशी व्यवस्था बोरिवली, मुलुंड, चेंबूर यांसारख्या उपनगरांतील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांत आहे. पंधरा-वीस वर्षे झाली की तिची तक्रार ठरलेली असते : सातव्या मजल्यावर हात भाजेल असे पाणी येते आणि पहिल्या मजल्यावरचा माणूस थंड पाण्याची बादली ओतून देऊन कंटाळलेला असतो. अशा वेळी समिती बहुधा नव्या सौर पट्ट्यांची कोटेशने मागवते. प्रत्यक्षात पाणी तापत नाही असे क्वचितच घडते. तापलेले पाणी घरापर्यंत तापलेले पोहोचत नाही, हा खरा दोष असतो. म्हणून सुधारणेची सुरुवात घरातल्या तोटीपासून करून गच्चीपर्यंत चढत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधी एक प्रश्न मोकळेपणाने विचारून घ्यावा : इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? तीन-चार वर्षांत घरे रिकामी करायची असतील, तर गच्चीवर लाखो रुपये घालण्यात अर्थ नाही; लाइनवरचे उष्णतारोधक आवरण बदलावे, व्हॉल्व्ह दुरुस्त करावेत आणि उरलेली गरज ज्याने त्याने गीझरवर भागवावी. इमारत राहणार असेल आणि तिला तीस वर्षे झाली असतील, तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार संरचनात्मक तपासणी करावीच लागते. त्याच वेळी अभियंत्याला नव्या टाक्यांच्या जागा दाखवून ठेवाव्यात, कारण हजार लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन एक टन भरते आणि ती तुळईवर बसते की मोकळ्या स्लॅबवर, याने फरक पडतो.

पुढचे काम हिशेबाचे. आपल्याकडे पाणी फारसे तापवावे लागत नाही, ही गोष्ट कोटेशन देणारे सोयीस्करपणे विसरतात. टाकीत येणारे पाणी साधारण 25 अंश सेल्सिअस आणि अंघोळीचे पाणी 40 अंश धरले, तर 60 अंशांचे सुमारे 9 लिटर पाणी घेऊन 20 लिटरची बादली भरते. शॉवरची सवय आणि स्वयंपाकघराचा वापर धरूनही माणशी दिवसाला 60 अंशांचे 25 लिटर पाणी पुरेसे होते. सात मजले, मजल्यावर चार घरे आणि घरात चार माणसे असा हिशेब केला तर 112 माणसांसाठी 2800 लिटर लागतात. एवढे पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला अंदाजे 114 युनिट उष्णता लागते. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा; पुढचे सर्व निर्णय त्यावरच ठरतात.

आता लाइन. 25 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळात प्रत्येक मीटरला जवळपास अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीवरचे आडवे अंतर 15 मीटर आणि खाली उतरणारा उभा नळ 21 मीटर असेल, तर टाकी आणि पहिला मजला यांच्यामध्ये 18 लिटर पाणी रात्रभर थंड होत उभे असते. पहिल्या मजल्यावरील रहिवाशाची ओतून दिलेली बादली ती हीच. तिच्यावरचा उपाय म्हणजे परतीची लाइन : उभ्या नळाच्या तळातून एक बारीक नळ परत गच्चीवरच्या टाकीकडे न्यायचा आणि त्यावर लहान पंप बसवायचा, म्हणजे नळातले पाणी फिरत राहते आणि कोणत्याही मजल्यावर तोटी उघडताच काही सेकंदांत गरम पाणी येते. पंप दिवसभर चालू ठेवू नये, कारण मग नळच उष्णता बाहेर टाकत राहतो. सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी तासभर असा टायमर लावावा, आणि परतीच्या नळावर तापमानाचा स्विच बसवावा, जेणेकरून परतणारे पाणी 50 अंशांच्या आसपास पोहोचले की पंप आपोआप थांबेल. एकाहून अधिक उभ्या लाइन असतील तर प्रत्येकीच्या परतीवर तोलाचा व्हॉल्व्ह (सगळ्या लाइनमध्ये पाणी सारखे वाटून देणारा) हवा. तो नसेल तर जवळच्या लाइनमध्येच सगळे पाणी फिरते आणि दूरची विंग पूर्वीसारखीच थंड राहते.

आवरणाकडे मुंबईत वेगळ्या नजरेने पाहावे लागते. जुन्या लाइन बहुधा जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात, त्यावर काचलोकर आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. पत्र्याचे सांधे एकदा उघडले की जून ते सप्टेंबरच्या पावसात लोकर भिजते, आणि भिजलेली लोकर उष्णता अडवण्याऐवजी ती वाहून नेते. शिवाय आतला नळ बाहेरून गंजू लागतो. पत्रा काढून दोन-तीन ठिकाणी हात लावून पाहावा. लोकर दमट लागली तर सगळे आवरण काढून पाणी न शोषणारे, बंद पेशींचे नायट्रिल रबर घालावे आणि उन्हापासून संरक्षणासाठी त्यावर पक्के कवच चढवावे, कारण उघडे रबर उन्हात काही वर्षांत तडकते. नळच बदलायचा असेल तर सीपीव्हीसी (उष्णता सोसणारे प्लास्टिक) चालते, पण ते गरम पाण्याच्या दर्जाचे, आयएस 15778 ची खूण असलेलेच घ्यावे. साधे यूपीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडते; स्वस्त म्हणून ते सुचवणाऱ्या प्लंबरला तेथेच थांबवावे. सीपीव्हीसी तापल्यावर लांबीला वाढते, म्हणून उंच लाइनमध्ये ठरावीक अंतरावर प्रसरणाचे वळण ठेवावे लागते आणि क्लॅम्प नळाला आवळून न धरता सरकू देणारे निवडावे लागतात.

एक दोष फारसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि तोच सर्वांत जास्त भांडणे लावतो. एखाद्या न्हाणीघरात मिक्सरच्या (गरम आणि थंड पाणी मिसळून देणाऱ्या जोडणीच्या) दोन्ही तोट्या उघड्या ठेवून हँडशॉवरचा खटका तेवढा बंद केलेला असतो. बाहेर पाणी येत नाही, पण मिक्सरच्या आत दोन्ही लाइन एकमेकींना जोडल्या जातात आणि जिचा दाब जास्त तिचे पाणी दुसरीत शिरते. थंड लाइनवर प्रेशर पंप असेल तर त्या एका घरातून थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसून सगळ्या उभ्या लाइनचे पाणी कोमट करते. उपाय स्वस्त आहे : प्रत्येक घराच्या गरम शाखेवर आणि थंड शाखेवर एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवावा. गरम पाण्याची टाकी आणि थंड लाइन या दोन्हींना गच्चीवरच्या एकाच थंड टाकीतून पाणी मिळाले तर दाबही सारखा राहतो, म्हणून फक्त थंड लाइनवर पंप बसवण्याची परवानगी समितीने देऊ नये.

लाइन दुरुस्त झाल्यावर मगच गच्चीवर जावे. काचेच्या नळ्यांच्या संचात प्रत्येक नळीच्या टोकाला चंदेरी चकाकी असते; ती पांढुरकी झाली असेल तर नळीतली निर्वात पोकळी संपली आहे आणि ती नळी बदलावी लागेल. बाकीच्या नळ्या चांगल्या असतील तर पूर्ण संच बदलण्याची गरज नसते. सपाट पट्ट्यांत काचेच्या आत बाष्प साचलेले दिसले तर काचेभोवतीचे सील गेले आहे. मोठ्या संचात पट्टी आणि टाकी यांच्या तापमानातील फरक पाहून पंप चालवणारा कंट्रोलर असतो. त्याचा सेन्सर बिघडला की पंप रात्रीही चालू राहतो आणि दिवसभर साठवलेली उष्णता आकाशात टाकून देतो. रात्री नऊच्या सुमारास पट्टीकडे जाणाऱ्या नळाला हात लावून पाहावा. तो गरम लागला तर हाच दोष आहे, किंवा तेथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला आहे.

सावलीचा विचार मुंबईत टाळता येत नाही. संच बसवला तेव्हा दक्षिणेला बैठी चाळ असते आणि आज तेथे मनोरा उभा असतो. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 ते 48 अंशांवरच चढतो. आपल्या गच्चीपेक्षा 30 मीटर उंच इमारत त्या वेळी उत्तरेकडे जवळपास 27 मीटर सावली टाकते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. सावली कायमची असेल तर नव्या पट्ट्या घेऊ नयेत.

अशा इमारतींना, आणि पावसाळ्यात सर्वांनाच, हीट पंप उपयोगी पडतो. जुन्या यंत्रणेत ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचे कॉइल असते. वरच्या हिशेबाप्रमाणे सूर्य अजिबात नसेल त्या दिवशी ते कॉमन मीटरवर 114 युनिट वीज खाईल. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्याला देतो. मुंबईची हवा थंडीतही उबदार आणि पावसात दमट असते, त्यामुळे एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता धरायला हरकत नाही. म्हणजे तेच काम 38 युनिटांत होते. दहा तास चालवायचा असे ठरवले तर सुमारे 11 किलोवॅट उष्णता देणारे, म्हणजे जवळपास 4 किलोवॅट वीज घेणारे यंत्र पुरते. त्याहून मोठे यंत्र कोणी सुचवले तर हिशेब मागावा. यंत्र उघड्या हवेत हवे, खाली रबरी पाया हवा (नाहीतर सर्वांत वरच्या घरातील शयनगृहात रात्रभर घरघर ऐकू येते), आणि समुद्र जवळ असेल तर हवेतील उष्णता खेचणाऱ्या कॉइलच्या पत्र्यांवर गंजरोधक लेप असलेलेच घ्यावे. वाढीव भारासाठी बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण यांपैकी ज्या कंपनीचे मीटर असेल तिच्याकडे आधी अर्ज करावा लागतो.

टाकीचे पाणी 60 अंशांवर ठेवावे. वीज वाचवण्यासाठी ते 45 वर आणणे शहाणपणाचे वाटले तरी कोमट साठ्यात न्यूमोनिया घडवणारा लेजिओनेला जिवाणू वाढतो, आणि तो श्वासातून फुफ्फुसांत जातो. टाकीच्या धातूबद्दल इतकेच : महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी मृदू आहे, त्याला 304 दर्जाचे स्टेनलेस स्टील चालते, पण टँकरचे किंवा बोअरवेलचे खारे पाणी वरच्या टाकीत मिसळत असेल तर गरम क्षारांनी त्या स्टीलला बारीक छिद्रे पडतात. तेथे 316 एल किंवा काचेचा लेप आणि मॅग्नेशियमचा ॲनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) असलेली टाकी घ्यावी.

काही सभासद घरातला गीझर ठेवणारच. त्यांच्याकडून 16 अँपिअरचे वेगळे सर्किट, खात्रीचे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) एवढे लेखी मागावे. पाइप गॅसवरचा गीझर बंद न्हाणीघरात कोणत्याही परिस्थितीत नको. गॅस जळताना निर्माण होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो, ना रंग.

कामाचा क्रम करारात लिहावा : आधी व्हॉल्व्ह आणि परतीची लाइन, मग आवरण, मग महिनाभर मोजमाप आणि त्यानंतरच गच्चीवरील खरेदी. मोजमाप म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मजल्यावर सकाळी सहा वाजता तोटी उघडून, पाणी 40 अंशांवर यायला किती लिटर वाया गेले, ते थर्मामीटर आणि मापाच्या बादलीने नोंदवणे. सर्वसाधारण सभेत हेच आकडे मांडले तर चर्चा लवकर संपते. काम शक्यतो ऑक्टोबर ते मे या काळात उरकावे आणि ठेकेदाराची काही रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी, कारण आवरणाचे सांधे आणि हीट पंपाचा बॅकअप या दोन्हींची परीक्षा जुलैमध्येच होते.