मदरबोर्ड आणि एसएमपीएसचे फुगलेले कॅपॅसिटर कसे बदलावेत

मोंढ्यातल्या आडतीवर टॅली चालवणारा, नाहीतर पत्र्याच्या खोलीत झेरॉक्स मशीनशेजारी ठेवलेला जुना कॉम्प्युटर. सकाळी तीन-चारदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही, मधेच रीस्टार्ट होतो, मे महिन्यात तर हमखास. अशा वेळी लोक पुन्हा पुन्हा विंडोज टाकतात. तसं करू नका. झाकण उघडा आणि मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे उभे डबे, बघा. डोकं सपाट हवं. डोकं फुगलेलं, वर तपकिरी खपली आलेली किंवा बुडातलं रबर बाहेर ढकललेलं दिसलं की तो गेला. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, बुडाशी दिसणारा पिवळट थर मात्र बहुतेक वेळा कंपनीने लावलेला गोंद असतो, गळती नव्हे. तो जुना होऊन काळपट पडला असेल तर खरवडून काढा, कारण तसा गोंद वीज वाहून नेऊ लागतो.

साधारण २००० ते २००७ या काळातल्या अनेक बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) कॅपॅसिटर बसले होते, ते बहुतेक कधीच फुगले. नंतरच्या बोर्डांचे मरतात ते उष्णतेने. कॅपॅसिटरवर १०५ अंश आणि २००० तास असं रेटिंग असेल, तर तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट होतं आणि चढलं की निम्मं. परभणी-नांदेडकडे बाहेरच ४३ अंश असताना, पंख्यात जिनिंगचा कापूस अडकलेल्या कॅबिनेटमध्ये आत काय होत असेल ते यावरून समजा. कॅपॅसिटर बदलून पंखा आणि हीटसिंक साफ न करणं म्हणजे अर्धं काम.

खरेदी. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वर, म्हणजे ६.३ च्या जागी १० चालतो, उलट कधीही नाही. १०५ अंशांचा आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) असाच मागा. ८५ अंशांचा साधा कॅपॅसिटर प्रोसेसरजवळ टिकत नाही. व्यास आणि उंची मोजून जा, नाहीतर ग्राफिक्स कार्ड बसणार नाही. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक, केमिकॉन यांपैकी मिळाला तर उत्तम. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला नाही मिळाला तर नांदेडकरांना हैदराबादची गुजराती गल्ली जवळ, इतरांना मुंबईचा लॅमिंग्टन रोड. भंगारातून काढलेला माल नवा म्हणून विकला जातो, तो ओळखणं सोपं आहे: नव्या कॅपॅसिटरची एक तंगडी लांब असते, तीच पॉझिटिव्ह. दोन्ही तंगड्या आखूड आणि सारख्या दिसल्या की परत करा. आणि एसएमपीएसमध्ये इलेक्ट्रोलिटिकच्या (द्रव असलेल्या साध्या कॅपॅसिटरच्या) जागी पॉलिमर (घन पदार्थाचा) कॅपॅसिटर टाकू नका. त्याचा ईएसआर इतका कमी असतो की काही सप्लायचं व्होल्टेज नियंत्रण डळमळतं.

एसएमपीएस उघडणार असाल तर आधी हे. २३० व्होल्टचं एसी डीसी झालं की मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते तिथेच राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याचा सल्ला देणाऱ्याकडून दुसरा कुठलाही सल्ला घेऊ नका. होल्डरमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा, त्याच्या दोन्ही वायरी इन्सुलेटेड प्रोबने कॅपॅसिटरच्या दोन्ही टोकांना काही सेकंद धरा, मग मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. जुन्या सप्लायमध्ये २०० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर असतात, दोन्ही वेगवेगळे मोजा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

आता खरं काम: जुना कॅपॅसिटर काढणं आणि भोक मोकळं करणं. एसएमपीएसचा बोर्ड बहुधा एकाच बाजूने तांब्याचा असतो, तिथे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननेही भागतं. मदरबोर्डवर मीही सुरुवातीला इथेच अडलो होतो, आणि लोकांचे बहुतेक बोर्ड इथेच मरतात. त्यात चार-सहा थर असतात आणि ग्राउंडचा अख्खा थर म्हणजे तांब्याचा पत्राच. निगेटिव्ह तंगडी त्या पत्र्याला जोडलेली असते. तुम्ही दिलेली उष्णता तो बोर्डभर पसरवतो आणि सोल्डर वितळतच नाही. मग माणूस चिडून ओढतो. भोकाला आतून तांब्याचं पातळ अस्तर असतं, तेच सगळे थर जोडतं. अर्धवट वितळलेल्या सोल्डरमधून तंगडी ओढली की ते अस्तर तंगडीबरोबर बाहेर येतं. वरून कितीही जंपर लावा, आतल्या थराचा जोड पुन्हा धड होत नाही.

म्हणून ओढायचं नाही, गरम करायचं. आयर्न किमान ६० वॅटचं, बिट चपटं आणि रुंद. सुईसारखं टोकदार बिट इथे निरुपयोगी. टेम्परेचर कंट्रोल असेल तर ३५० ते ३८० अंश. बोर्ड आधी हॉट एअरने किंवा हेअर ड्रायरने पाठीमागून तापवा, हात टेकवता येणार नाही इतका. मग दोन्ही जोडांवर राळेचा फ्लक्स आणि ताजं लेडवालं सोल्डर भरा. काढायच्या जागी उलट सोल्डर घालायचं हे विचित्र वाटेल, पण कंपनीचं बिनलेडचं सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं आणि ६३/३७ चं १८३ ला. दोन्ही मिसळली की सगळंच लवकर पातळ होतं. पत्र्याच्या कामाची ॲसिड पेस्ट बोर्डाजवळ आणू नका, ती ट्रॅक खाते.

एक तंगडी वितळवा आणि वरून अंगठ्याने कॅपॅसिटर हलकेच दुसरीकडे कलवा. मग दुसरी तंगडी, उलट बाजूला कल. असं आलटून पालटून, दर वेळी जेमतेम एक मिलीमीटर. अंगठ्याचा जोर लागतोय असं वाटलं की थांबा. दहा सेकंदांत सोल्डर वितळलं नाही तर आयर्न काढा आणि बोर्ड पुन्हा तापवा. टेम्परेचर ४५० वर नेऊ नका, त्याने पॅड, म्हणजे भोकाभोवतीची तांब्याची चकती, उखडतं.

भोकात आता सोल्डर राहिलेलं असतं. एका बाजूने आयर्न, दुसऱ्या बाजूने सोल्डर सकर, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप. पहिल्या फटक्यात निघालं तर ठीक. नाही निघालं तर पुन्हा ताजं सोल्डर भरून मग ओढा, कारण अर्धवट रिकामं भोक उष्णता नीट घेत नाही. तरीही अडलं तर स्टेनलेस स्टीलची सुई घ्या, तिला सोल्डर चिकटत नाही. खालून आयर्न, वरून सुई नुसती टेकवलेली. सोल्डर पातळ झालं की ती लोण्यात जावी तशी आपोआप उतरते. आयर्न काढा आणि गार होईपर्यंत सुई फिरवत राहा. लाकडी टूथपिकही चालते. ड्रिल मात्र कदापि नको, ते सोल्डरच्या आधी अस्तर कापतं.

जुना डबा कापून त्याच्या तंगड्यांवरच नवा कॅपॅसिटर डाग देऊन बसवायचा, असंही सुचवलं जातं. प्रोसेसरजवळ हे करू नका. तंगडीची लांबी वाढली की तिथल्या वेगवान करंटला कॅपॅसिटर वेळेवर पुरत नाही.

बसवताना फक्त दिशा सांभाळा. कॅपॅसिटरवरचा पट्टा निगेटिव्ह. बोर्डावरचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह असतो, पण काही बोर्डांवर नेमका उलटा, म्हणून काढण्याआधीच फोटो घ्या. डाग द्या, तंगड्या कापा, पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

एसएमपीएस पहिल्यांदा सिरीज बल्ब (लाइनच्या वायरीत मधे जोडलेला तारेचा बल्ब) लावूनच चालू करा आणि चेहरा लांब ठेवा. एसएमपीएसच्या मदरबोर्डला जाणाऱ्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडा, म्हणजे तो चालू होतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. भक्क पेटून राहिला तर प्लग काढा, आत शॉर्ट आहे. मग बल्ब काढून थेट लाइनवर थोडा लोड देऊन मोजा: पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लाल आणि जांभळ्यावर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. मदरबोर्ड तासभर लोडवर चालवा, बंद करून नव्या कॅपॅसिटरच्या डोक्याला बोट लावा. शेजारच्यांपेक्षा एखादाच जास्त तापलेला असेल तर दिशा पुन्हा तपासा, आणि दिशा बरोबर असेल तर शेजारचा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) तपासा.